शिक्क्याचा दाखला

बाई, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. जपानीत लिहिलं असतं तर तुम्ही लाल पेनानं चुका काढल्या असत्या, म्हणून मराठीत लिहितोय, अशी मी माझी समजूत घालतो. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात, हे सांगितल्यापासून तुम्ही ‘सेन्सेई’ला ओ देईनाशा झाला होतात.

भूकंप झाला त्या वर्षी ऑफिसातले निम्मे लोक मिळेल त्या विमानानं मुंबई-पुण्याला निघून गेले. आम्ही राहिलो, पण कंपनीनं दिलेलं घर सुटलं आणि घरमालक दारातूनच परत पाठवू लागले. परदेशी माणूस पळून जातो म्हणे. टोकियोतल्या ओजिमात एक जण तयार झाला, तर त्याला जपानी जामीन हवा. तुम्ही शनिवारी फुकट जपानी शिकवणाऱ्या, ओळख जेमतेम वर्षाची. तरी तुम्ही डबीतून तुमचा सहीऐवजी वापरायचा शिक्का काढलात आणि दोन्ही हातांनी कागदावर दाबलात. म्हणालात, “पळून गेलास तर भाडं मला भरावं लागेल. माझी पेन्शन लहान आहे. तेव्हा पळू नकोस.”

पहिल्याच आठवड्यात मी बाटल्या जळाऊ कचऱ्यात टाकल्या, तेव्हा तुम्ही भर रस्त्यात ती पिशवी सोडायला लावलीत. “तुझी लाज माझी लाज आहे, शिक्का माझा आहे,” असं चारचौघांत सुनावलंत. मला राग आला होता. संध्याकाळी तुम्हीच बोलावून जेवायला घातलंत. दोन गल्ल्या पलीकडचं तुमचं जुनं लाकडी घर अजून डोळ्यांसमोर आहे. स्वयंपाकघर एवढंसं की एकानं वळायचं तर दुसऱ्यानं बाहेर यायचं. माझी मुलगी उंबऱ्यावर बसून भाताचा गोळा खातेय आणि तुम्ही माझ्या आईनं पाठवलेलं लोणचं चाखून डोळे गच्च मिटताय.

ते घर पुढच्या भूकंपात टिकणार नाही, असं मालकानं ठरवलं. पाडून तिथं फ्लॅट बांधायचे होते, आमच्यासारख्या कुटुंबांसाठी. भाडं तुमच्या आवाक्याबाहेरचं. नवीन जागा शोधायला तुम्ही घरांच्या दलालांची किती दुकानं हिंडलात! सत्तरीच्या एकट्या बाईला कुणी घर देईना. “आत मेले तर पुढचा भाडेकरू मिळत नाही ना,” हे तुम्ही हसत सांगितलंत. मग एके दिवशी ओजिमातच स्वस्त खोली मिळत होती. फक्त जामीन हवा होता. तुम्ही माझ्याकडे आलात. खुर्चीच्या कडेवर बसून, मान खाली घालून, माझ्या नावापुढे कधी नव्हे ते आदराचं ‘सान’ लावून विचारलंत. मी लगेच हो म्हणालो.

घरी बायको म्हणाली, “अरे, हिगाशी-कसाईच्या फ्लॅटचं लोन सँक्शन व्हायचंय आपलं. आत्ता कशाला कुठं सह्या करतोस? त्यांचं कुणीच नाहीये का?” बरीच वर्षं मी मनात तिच्यावरच खापर फोडत राहिलो. पण तिनं फक्त विचारलं होतं. गप्प मी बसलो.

तुमचा फोन आला तेव्हा सांगितलं, जामिनाला शिक्क्याचा दाखला, म्हणजे शिक्का माझाच असल्याचा सरकारी कागद लागतो, परदेशी माणसाच्या कागदांना वॉर्ड ऑफिसात वेळ लागतोय. “माझ्यामुळे तुला किती त्रास,” तुम्ही म्हणालात. पुन्हा फोन आला, पुन्हा मी तेच सांगितलं. खोली दुसऱ्या कुणी घेतली. तुम्ही ट्रेनच्या शेवटच्या स्टेशनजवळ राहायला गेलात, जिथं तुमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. त्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं गेलात. मला शनिवारच्या वर्गातून कळलं, तोवर सगळं आटोपलं होतं.

आज मुलीच्या कॉलेजचे कागद शोधताना तो दाखला सापडला. तिनं जपानीत विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, जुना कागद, काही नाही. रद्दी बांधून ठेवायच्या दिवशी तो गठ्ठ्यात घालायला हवा, तुम्हीच शिकवलंय. मला तो घालवत नाही. बाई, तुम्ही होतात तेव्हा मला खूप आवडायचात, आणि तरी मी हे केलं.

मराठीत लिहितोय कारण हे तुम्हाला कळू नये, असं मला अजूनही वाटतं. वॉर्ड ऑफिसात काहीच अडलं नव्हतं. तुम्ही विचारायला आलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दहा मिनिटांत तो दाखला मिळाला होता. तुमचे दोन्ही फोन आले तेव्हा तो माझ्या बॅगेत होता.