जुलैतला बर्फ

२ डिसेंबर २०१८, रविवार

प्रिय लोर्ना,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. तू बरी असशील, केटी तुला वेळेवर जेवू घालत असेल. थंडी सुरू झाल्यापासून माझा गुडघा कुरकुरतोय, बाकी मी ठणठणीत. नदी काठाकाठानं गोठली आहे. अकरा महिन्यांत तुझी चार ओळींचीही चिठ्ठी नाही. तक्रार करायचा मला अधिकार नाही, म्हणून करत नाही.

काल केटीचा फोन होता. म्हणाली, "बाबा, आत्या या नाताळला घरी येणार नाही म्हणते. मी मध्ये पडणार नाही. तुम्हीच लिहा." म्हणून लिहितोय.

गावची बातमी एकच. जुलैत ते नाताळचे सिनेमे काढणारे पुन्हा आले होते. बंद पडलेल्या गिरणीच्या ज्या दारासमोर पिंपावर चढून मी संपाची भाषणं केली, त्याच दाराला त्यांनी लाल फीत बांधली आणि आत चॉकलेटचं दुकान थाटलं. दोनशे माणसांची रोजीरोटी जिथे गेली तिथे आता पुठ्ठ्याचं हरीण उभं! रस्त्यावर साबणाच्या फेसाचा बर्फ. बत्तीस डिग्रीच्या उन्हात निम्मं गाव लोकरी कोट घालून हसत हसत येरझारा घालत होतं. डोरीन घेरी येऊन पडली. शुद्धीवर आल्या आल्या विचारते, "पडताना मी कॅमेऱ्यात आले का?"

या सिनेमांविषयी माझं मत तुला पाठ आहे आणि ते तसूभरही बदललेलं नाही. शहरातून आलेली एक बाई, कानाला चोवीस तास फोन. गावातला एक गडी, चौकड्यांचा शर्ट, नाताळच्या झाडांचा मळा आणि सोयीनं वारलेली बायको. कोणाच्या घरचे नळ गोठत नाहीत, कोणाची नोकरी गेली तर ती फक्त बाईला गावात आणण्यापुरती. एक पोर कायम मधाळ बोलतं. शेवटी चुंबन, आणि त्याच क्षणी आकाशातून फेस. माणसाचा विचार बंद पाडायला तुरुंग कशाला बांधायचे? असले सिनेमे दाखवावेत, वर गरम चॉकलेट पाजावं. चाळीस वर्षं मी पोरांना इतिहास शिकवला तो काय यासाठी?

असो. दर गुरुवारी तुझ्याबरोबर हे सिनेमे बघणाऱ्या बायका नोव्हेंबरात दारात येऊन उभ्या राहिल्या. डोरीन, बर्निस आणि आणखी चौघी, हातात गोड बटर टार्टचे डबे.

"मास्तर, लोर्ना गेली, पण टीव्ही इथेच आहे ना?" बर्निस म्हणाली.

"हे माझं घर आहे, नाटकगृह नव्हे."

"निम्मं लोर्नाचं आहे. आम्ही तिच्या निम्म्यात बसतो. तुम्ही तुमच्या निम्म्यात बसून फुरफुरा."

मी त्यांना आत घेतलं ते त्यांची वाक्यावाक्याला खरडपट्टी काढायची म्हणून. सिनेमा सुरू झाला. मी तोंड उघडणार तोच सहाही जणी एकदम ओरडल्या, "जुलै!" नायकामागे मेपलचं झाड हिरवंगार उभं होतं. थोड्या वेळानं नायिकेच्या वरच्या ओठावर घाम. "जुलै!" पोस्टाच्या खिडकीत जिरेनियम फुललेलं. "जुलै!" उन्हाळ्याची खूण आधी पकडणारीला प्रत्येक वेळी एक टार्ट. बर्निसनं तर नायकाच्या मानेवर बसलेला डास शोधून काढला आणि तिला दोन टार्ट मिळाले.

"म्हणजे हे खोटं आहे हे तुम्हाला कळतं?" मी विचारलं.

डोरीननं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी वर्गात ढ पोरांकडे पाहायचो. "मास्तर, त्यातला अर्धा फेस माझ्या नाकात गेलाय. आम्हाला कळत नाही असं वाटलं होतं तुम्हाला? इतकी वर्षं?"

हो, लोर्ना. इतकी वर्षं. बंद दाराआडून तुमचा आरडाओरडा ऐकून मला वाटायचं, या रडताहेत. तू तिथे बसून हसत होतीस, आणि ते पाहायला मी एकदाही दार उघडलं नाही. शेवटी त्या रडल्याही, ते वेगळं. डोळे पुसता पुसता बर्निस म्हणाली, "खोटं आहे म्हणून रडू नये असं कुठे लिहिलंय?"

गेल्या गुरुवारचा सिनेमा तर कहर होता. नायिकेला वाटतं नायक सोडून गेला, नायकाला वाटतं तिलाच तो नको आहे. तासभर दोघं तोंडं पाडून हिंडतात. मी खवळलो. "अरे, एक वाक्य! एक माणूस एक वाक्य बोलला की भानगड मिटते. दोघांमधला तो मूर्ख मित्र सगळं जाणतो, मग बोलत का नाही?"

"बोलला तर सिनेमा संपेल ना, मास्तर," बर्निस म्हणाली.

सगळ्या हसल्या. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो आणि परत जाऊन बसलो नाही.

ते वाक्य आता लिहितो. १९७४ साली, नाताळच्या आदल्या दुपारी, एल्वूड आला होता.

तू वर होतीस, ताप आलेल्या केटीजवळ. तिच्या आईला जाऊन दहा आठवडे झाले होते. तो ट्रक बाहेर उभा करून पायरीवर आला आणि म्हणाला, लोर्नाला लग्नाचं विचारायचंय. मी दार मागे ओढून घेतलं. सांगितलं, तिचा नकार आहे, तो कळवायला तिनं मलाच पाठवलंय. कर्तव्य, लेकरू, घर यांवर मी त्याला वीस मिनिटं सुनावलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत परिणामकारक भाषण. तो ऐकत बर्फात उभा होता, खऱ्या बर्फात. मग गेला. तू आठवडाभर खिडकीशी बसलीस आणि मी तुला म्हणालो, असल्या माणसांचा काय भरवसा?

मला पोर सांभाळायला कोणीतरी हवं होतं. बाकीचे सगळे शब्द त्यावरचा फेस होते.

सिनेमात एल्वूड अजून वाट पाहत असता. खरा एल्वूड शहाणा निघाला. दीड वर्षात लग्न केलं, पाच नातवंडं आहेत, सुखात आहे. तुला देण्याजोगा शेवट माझ्याकडे नाही.

आणि गेल्या नाताळला, भरल्या टेबलावर, मी उभा राहून काय बोललो? "जिच्या दारात जन्मात कोणी आलं नाही, तिनं सिनेमात दुसऱ्यांची दारं उघडताना पाहून डोळे पुसावेत." हे बोलणारा मी, ज्यानं ते दार स्वतःच्या हातानं ओढून घेतलं होतं. तू मुकाट्यानं उठून भांडी घासलीस आणि सकाळी बसनं गेलीस. पटवून देण्यात आपला हात कोणी धरणार नाही याचा मला फार गर्व होता. आता त्या माणसाची मला शिसारी येते.

तो अपमान अकरा माणसांसमोर झाला, म्हणून कबुली फक्त पाकिटात घालून पाठवणं पळपुटेपणाचं होईल. टेबलाभोवतीच्या त्या सगळ्यांना मी येत्या गुरुवारी बोलावलं आहे. बर्निस आणि डोरीन त्यांतल्याच. सिनेमा लावण्याआधी उभा राहून सगळं सांगणार आहे, कमी शब्दांत. नंतर त्या बायका मला माझ्या निम्म्यातही बसू देतील की नाही, ठाऊक नाही. केटीलाही मीच सांगेन. तिला सांभाळण्यापायी तुझं काय गेलं, हे तिला कळायला हवं.

ये, असं म्हणत नाही. तसं म्हणायला तोंड नाही. तू आलीस तर एल्वूडविषयी हवं ते विचार, खरं तेच सांगेन. नाही आलीस तर लोकांना कारणं सांगत बसू नकोस. कारण मी आहे, असं सांग.

तुला अजून म्हणावंसं वाटलं तरच, तुझा भाऊ,
अँगस