एकच उभा तंबू

दादा,

उन्हाळी कुरणांकडे जायची खिंड सरकारने बंद केली, म्हणून आपली टोळी आडवाटेच्या दरीत उतरली. ती दरी आपल्या जाफ जमातीशिवाय कुणालाच ठाऊक नाही. तरी शिपाई सरळ तिथेच आले आणि काळे तंबू पेटवत सुटले. आपल्या तंबूपाशी मात्र अंमलदार म्हणाला, "हा राहू द्या."

तू शहरात त्यांचा दुभाष्या आहेस, हे कोण विसरेल? हपसामामी म्हणालीच, "तुमचं बरंय बाई, वर ओळख आहे!"

 आईने तंबूचे दोर सोडले, स्वतः विणलेलं ते कापड कात्रीने कापलं आणि उघड्यावर पडलेल्या घराघरांत वाटलं. मामीने तुकडा घेतला, पण आईकडे बघितलं नाही.

दादा, तूच सांगितलंस का? की आपल्यात फूट पाडायला त्यांनीच हा डाव टाकला?

हे पत्र मी पाठवणार नाही; पाकिटावर तुझा पत्ता लिहावा लागेल. काल तंबू जळालेल्या वैसीकाकांनी फार गोड आवाजात विचारलं, "पोरी, तो हल्ली राहतो कुठे गं?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

मग आईनेही तेच विचारलं. तिलाही मी तेच सांगितलं.

तुझी बहीण,
पीरोज