देव छतात राहिले

गुडगाव, २२ सप्टेंबर १९९६

ती. सौ. प्रभावहिनींना धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार (एवढा आडवा नमस्कार का, ते पुढे कळेलच). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? दादांची साखर आटोक्यात आहे ना? इकडे मी, कुमुदिनी आणि नीरज खुशाल आहोत. देवांचं सांगतो.

आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून या नव्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा कुमुदिनी म्हणत होती, छत आहे तसं राहू द्या, खाली आणलं तर पंख्याचा वारा लागायचा नाही. पण ऑफिसात हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी फॉल्स सीलिंग! प्लास्टरचं खोटं छत आणि आत लपवलेले दिवे. माझ्याही डोक्यात ते भरलं. धुळीत देव नकोत म्हणून मी ते सगळे (खंडोबा, अंबाबाई, बाळकृष्ण) पितळी डब्यात घातले, डबा माझ्या लाल मफलरमध्ये गुंडाळला आणि बाथरूमबाहेरच्या माळ्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना मिस्त्रीने पॅसेज, माळा सगळं एका रेषेत आणून बंद केलं. काम सुरेख झालं. औषधालाही भेग नाही.

महिनाभर देव्हाऱ्यात नुसता दिवा लागत होता. मग तुमचं पत्र आलं, की यंदा नवरात्राची पाळी आमची, घटस्थापनेआधी देव न्यायला येते.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने वर बघून हात जोडले. "साहब, जहाँ भगवान बैठ गए, वहाँ मैं हथौड़ा नहीं चलाऊँगा," म्हणाला आणि चहा पिऊन गेला (बंद करताना मात्र व्यवस्थित चालवला होता). शेवटी मीच स्टुलावर चढलो. कुमुदिनीने स्टूल धरलं. पहिल्या भोकातून नुसती भुकटी आली. दुसऱ्यातून डोकं आत गेलं, पण कान बाहेर येईनात. बॅटरीच्या उजेडात मफलरचं लाल टोक दिसलं, पण मिस्त्रीने डबा पार खांबामागे सरकवलाय, तिथवर हात पोचत नाही. आणि त्याच्या शेजारून वरच्या मजल्यावरच्या संडासाचा पाइप जातो! सकाळी सहाला वर पाणी सोडलं, की इथे मी थोबाडीत मारून घेतो. आईने जाताना हे देव आपल्या दोन घरांच्या हाती सोपवले होते. मला खरंच अन्न गोड लागत नाही. पॅसेजचं छत सगळं काढून झालं, तरी खांब आडवा येतोय. आता शनिवारी दिवाणखान्याच्या बाजूने फोडणार आहे.

लोभ आहेच, तो हे वाचूनही उरावा.

आपला,
विनायक

ता. क. वहिनी, एवढंच करा. दादांना म्हणा, गुडघा ठणकतोय, तिकीट मिळत नाही, यंदाचं नवरात्र विनायककडेच होऊ दे. पुढची लागोपाठ दोन वर्षं तुमची.

आणखी ता. क. वहिनी, मी कुमुदिनी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. ह्यांनी डबा माळ्यावर ठेवला, तेव्हाच पाइपाजवळ देव बघून मी त्याच संध्याकाळी ते काढून घेतले. मफलरमध्ये रिकामा डबा आहे. देव माझ्या कपाटात आहेत. हे ऑफिसला गेले, की रोज पूजा-नैवेद्य होतो. तुम्ही खुशाल तिकीट काढा. फक्त ह्यांना एवढ्यात काही कळवू नका. पॅसेजमध्ये आता छान उंच वाटतं. शनिवारी दिवाणखान्याचं निघू दे.