चेरी आणि बाबांचा अंगठा

१ जून, सकाळी
आजपासून बाबांच्या अंगठ्याची जबाबदारी माझी. उजव्या पायाचा अंगठा. सुजून टोमॅटो झालाय. बाबा बस चालवतात, म्हणजे उजवा पाय हाच ब्रेक. डॉक्टर म्हणाले, यूरिक ॲसिड वाढलंय. मटण, कलेजी, बारीक मासे, बिअर, सगळं बंद. गोळ्या दिल्या. महिनाअखेर डेपोत तपासणी आहे. पाय ठीक नसला तर बाबांना चौकशीच्या खिडकीत बसवतील. बाबा म्हणाले की त्या खिडकीत बसण्यापेक्षा मी बसच्या टपावर बसेन.

१ जून, दुपारी
गोळ्यांच्या खोक्यातला कागद वाचला. मळमळ, चक्कर, पुरळ. हातपाय गार पडले (माझे). गोळ्या खणात ठेवल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. (मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात दुपारी कुणी येत नाही.) मासिक चाळलं आणि उपाय सापडला. चेरी! क जीवनसत्त्व, पोटॅशियम, चोथा, आणि त्या लाल रंगात म्हणे असं काही असतं की यूरिक ॲसिड उतरतं. ‘उतरू शकतं’ असं लिहिलंय. मासिकवाले फार सावध असतात.
निश्चय: साखर अजिबात घालायची नाही. या बाबतीत मी कडक.

३ जून
चेरीचं सूप. साखर नाही, मीठही नाही. शिजवल्यावर क जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून दुप्पट चेरी. बिया काढताना ओटा, भिंत आणि माझा चष्मा लाल.
आमच्या घरात ताटातल्या अन्नाला नावं ठेवत नाहीत. शाळेत जायच्या आधीच आईने मला अक्षरांबरोबर हे शिकवलं. खोटं बोलायचं नाही, हेही. दोन्ही नियम एकदम पाळायचे तर माणूस गप्प बसतो. आज सगळे गप्प होते. शेवटी दादा म्हणाला की रंग छान आलाय, प्रोफेसर.
सुरुवात उत्तम.

५ जून
सूप बंद. आता चेरीचा सॉस. मिरी आणि आलं घालून. पण सॉस नुसता खाता येत नाही, खाली काहीतरी लागतं. उकडलेला भोपळा ठेवला. सॉस वाहून गेला. धरून ठेवेल असं काहीतरी हवं.

६ जून
मटण. डॉक्टरांनी मटण बंद केलंय हे मला पाठ आहे. पण ते नुसतं मटण. इथे मटण फक्त आधाराला.
बाबांनी पावाने ताट पुसून काढलं. म्हणाले, चेरी म्हणजे काय चीज आहे, इतकी वर्षं आपण ही खाल्ली कशी नाही! आईने पातेल्यावर झाकण जरा जोरातच ठेवलं.

९ जून
बाबांनी आपणहून विचारलं की चेरी कलेजीबरोबर जाते का गं? अगदी सहज. रुग्णाने उपचारात असा रस घेतला की अर्धं काम होतं. केली. जाते.
मलाही चव बघावी लागली. तीनदा.

१२ जून
अंगठा थोडा मोठा वाटतोय. हे चांगलं लक्षण. आतलं सगळं बाहेर पडताना आधी सूज वाढते. (कुठे वाचलं ते आठवत नाही, पण वाचलं असणार.) चेरीचं प्रमाण कमी पडत असावं. वाढवलं. सॉस वाढला म्हणून कलेजीही वाढवावी लागली. माझा नाइलाज होता.

१५ जून
चेरी बिअरमध्ये भिजवून शिजवल्या. बिअर शिजताना उडून जाते. बाटलीत अर्धी उरली होती, ती बाबांनी संपवली. टाकून द्यायचं नाही, हाही घरचा नियम. सगळे नियम पाळून उपचार करणं सोपं नाही.

१८ जून
बाबांना बूट चढेना. चपलेवरच डेपोत गेले, तिथून घरी पाठवलं. दादा म्हणाला, प्रोफेसर, आता अंगठ्यालाच नंबरप्लेट लाव.
दुपारभर बाबा खिडकीशी पाय वर करून बसले होते. खालून जाणाऱ्या बसचे ब्रेक ऐकून, हा नवा पोरगा, हा घाईतला, असं सांगत होते. मग सांगायचेही थांबले. उद्या डॉक्टर.

१९ जून
डॉक्टरांनी विचारलं, खाणं काय चाललंय? बाबा चटकन म्हणाले, चेरी. हे खोटं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फक्त चेरी? बाबा वरचा पंखा बघायला लागले. मग मलाच सगळं सांगावं लागलं. मटणापासून बिअरपर्यंत, खणातल्या गोळ्यांसकट. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. (नंबर बदललाय, मी सुचवलं.) म्हणाले, फळ चांगलं आहे, मूठभर धुऊन कच्चं खा. पण खाल्लेलं मटण पुसून टाकायला चेरी म्हणजे काही खोडरबर नव्हे. आणि गोळ्या आजपासून.
परत येताना आई बाबांना म्हणाली, तुम्हाला काही वाटलं नाही? बाबा म्हणाले, अगं, पोरगी एवढ्या मायेने करते. आई म्हणाली, मायेने ताट चाटत होतात होय?
स्वयंपाकघर आईने परत घेतलं.

३० जून
काल तपासणीत बाबा पास! आज सकाळी बूट घालून पहिल्या बसवर गेले. वळणावरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवला.
गोळ्यांनी काम केलं हे मी प्रामाणिकपणे लिहिते. पण प्रत्येक गोळीसोबत चेरी भिजवलेल्या पाण्याचा पेला मी भरून ठेवत होते, हेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहायला हवं. जेवताना तसं बोलले. दादाला ठसका लागला. आई म्हणाली, खोटं कशाला बोलू, तो पेला मी रोज गॅलरीतल्या गुलाबाला ओतायचे, बाबांना साधं पाणी द्यायचे.
मी हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.
गुलाबाला कळ्या आल्या आहेत. मागच्या वर्षी एकही नव्हती.