कोरडी भिंत

प्रिय देवेश,

तुझं छापचित्र पोचलं. स्वतःचाच चेहरा पत्र्यावर इतक्या बारकाईने कोरलास, त्याच्या निम्मं लक्ष दाढीकडे दिलं असतंस तर! सोबत ख्यालीखुशालीची ओळ नाही, नुसत्या सूचना: हात धुऊन कागद कडेला धरा, फेविकॉल नको, काच टेकायला नको, ऊन नको, ओल नको. तुझ्या पणजीचं सोवळं याहून सैल होतं. गणपतीत नोकरीवरून आपलं वाजलं आणि तू बडोदा गाठलंस, तेव्हापासून तुझ्याकडून आलेलं एवढंच.

कल्याणच्या महिपत फ्रेमवाल्याने पांढरी कड कापायला कटर उचललाच होता. "सर, तसबिरींना असंच करतो, फोटो मोठा दिसतो." कडेवर तुझी पेन्सिलीतली सही! मी असा ओरडलो की शेजारचा चहावाला धावत आला. मग महिपतने जाड पुठ्ठ्याची चौकट घालून चित्र काचेपासून दूर बसवलं, पण मला 'सर' म्हणणं सोडलं.

खरी पंचाईत घरी. बाल्कनीसमोरच्या भिंतीवर दुपारभर ऊन, बेडरूमच्या भिंतीमागे बाथरूम, स्वयंपाकघरात फोडण्या. नेति नेति करत उरली एकच सावलीतली, कोरडी भिंत. आणि तिच्यावर आजोबा, आजी, रंभाआत्या, हारांसकट. आई कडाडली, "जित्या पोराला त्या रांगेत लावता? अहो, जिभेला हाड?" तेव्हापासून कालपर्यंत मांजर पिल्लू हलवतं तसा मी तुला घरभर हलवत होतो. कपाटावर ठेवलं की वाटतं पडेल, पलंगाखाली ठेवलं की वाटतं वाळवी लागेल. धड वाचन होत नव्हतं, धड झोप नव्हती.

आज शाळेतून आलो तर त्या भिंतीवर तू एकटाच. तिघांची रवानगी बेडरूमच्या ओल्या भिंतीवर. मी बघतच राहिलो, तर आई म्हणाली, "त्यांना आता ओलीनं काय होणारे?" आणि कणीक मळायला गेली.

देवेश, दिवाळीच्या साफसफाईतही ते फोटो ती मला काढू देत नाही. चित्र घरी आल्यापासून रोज कोरड्या फडक्याने तुझी काच पुसते, पण तू कसा असशील हे मला विचारत नाही. विचारायला घाबरते. मीही तिला विचारत नाही. आमचे फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. एकदा तिला फोन कर. मी सकाळी शाळेत असतो, तेव्हाच कर. माझ्याशी बोलावं लागणार नाही.

तुझाच,
बाबा