अण्णांनी दिलेली सुट्टी

गुरुवार, संध्याकाळ. धाराशिव.

सुनंदाच्या कर्करोगाच्या गाठीला रोज किरणं द्यायची होती. तिचे थोरले भाऊ, अण्णा, भूमहून आले आणि म्हणाले, "दाजी, लई जळालंय अंग. आठ दिवस दम खाऊ द्या तिला." मी, तिचा नवरा, गप्प बसलो. का बसलो? आठ दिवस किरणं बंद राहिली.

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुट्टी तुम्ही घेतली, गाठीनं नाही." पेशींचं विभाजन चालवणारी काही प्रथिनं किरणांनी तुटलेला डीएनए सांधायलाही मदत करतात. चांगल्या पेशींत करतात, तशी गाठीतही. म्हणून तर रोजचा मारा. आठ दिवसांत गाठीनं किती सांधून घेतलं असेल, ती किती वाढली असेल?

परतताना अण्णांचा फोन आला. "डॉक्टर उगं घाबरवतेत, दाजी." भांडलो नाही. घरी येऊन पेपरातलं माझं रविवारचं विज्ञानाचं सदर लिहिलं आणि वेळेत पाठवलं.

भूमच्या चहाच्या हॉटेलात अण्णा दर रविवारी माझं सदर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात. "आमच्या दाजींनी लिवलंय!" या वेळी पहिलंच वाक्य त्यांचं आहे, जसंच्या तसं: आठ दिवस दम खाऊ द्या तिला. वाचू देत चारचौघांत. थांबता येणार नाही त्यांना.

दुसरं वाक्य माझं आहे: तिचा नवरा गप्प बसला. तेही त्यांच्याच तोंडून ऐकू दे भूमला.