कप्तानसाहेब गप्प आहेत

ऑडलम, मंगळवार

प्रिय मेबलताई,

आम्ही दोघं खुशाल आहोत, हे आधी वाच. गुडघा कसा आहे तुझा?

ज्याला जन्मात कधी धड छत्री सांभाळता आली नाही, तो माझा नवरा कप्तानाची टोपी घालून कालव्यातून बोट हाकतो. इथे सकाळी ऊन आणि अकराला गारा.

शनिवारी बोट खालच्या पातळीला न्यायला लॉकच्या दारबंद हौदातलं पाणी उतरत होतं आणि मी काठावर पाणी सोडायच्या झडपेपाशी होते. गारा पडायला लागल्या तसा हर्बर्ट सुकाणू सोडून रेनकोट आणायला आत गेला. बोटीची मागची बाजू दगडी उंबऱ्यावर अडकली, पुढची खाली कलायला लागली. मी झडप पाडून पाणी थांबवलं म्हणून वाचला.

बाहेर आला तो पांढराफटक. "मार्जरी, मला कळलंच नाही गं."

"तुला कधी काय कळलंय?" मी म्हटलं.

तेव्हापासून सुकाणू माझ्याकडे आहे. तो मुकाट्याने चहा करून देतो. काल दिवसभरात चार शब्द बोलला नाही. मूर्खपणा सोसायची मला सवय आहे, याची नाही.

त्याला एक पत्र टाक. इंजिनाबद्दल काहीतरी विचार. चुकीचंच सांगेल, पण सांगेल तरी.

तुझी तिरसट धाकटी,
मार्जरी